विंचवाचं बिऱ्हाड

एल्डन म्हणतो, एकदा हिशेब तरी मांड, व्हर्ना.
मी पाकिटाच्या पाठीवर मांडते:
युमाच्या पूर्वेला, डोंगर सुरू होतात तिथे,
चाळीस फूट रुंद, ऐंशी फूट लांब प्लॉट.
खडी. काँक्रीटचा एक पट्टा.
विजेचा खांब, नळ,
आणि सांडपाण्याचं जमिनीतलं तोंड, झाकणासकट.
एवढ्यासाठी आम्ही सस्कॅचवानमधलं
एल्डनच्या वडिलांचं धान्याचं कोठार विकलं,
खालच्या जमिनीसह.

वर्षाचा कर.
वीज वापरा न वापरा, मीटरचं भाडं.
लासारो महिन्यातून एकदा येऊन तण उपटतो, त्याचे.
भागिले एकशे वीस रात्री,
कारण उरलेलं वर्ष तो पट्टा
उन्हात एकटाच तापत पडतो.
एका रात्रीचा जो आकडा आला
तो मी एल्डनला दाखवला नाही.
तेवढ्यात कुठल्याही कॅम्पात पोहायला तलाव मिळतो,
शनिवारी पॅनकेकसुद्धा.

डेल्मर तर फुकट राहायचा.
वाळवंटात, सरकारी जमिनीवर,
दर पंधरवड्याला नियमापुरतं सरकत.
"मग चाकं घेतलीत कशाला?"
असं आम्हाला विचारायचा,
आमच्याच खुर्चीत बसून,
आमच्याच नळावर डबे भरत.

त्याचं चुकत नव्हतं.
छत्तीस फुटी मोटरहोम घेतली तेव्हा
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आम्हीच
सगळ्यांना हसून सांगत सुटलो होतो.
पहिल्या वर्षी बेचाळीस जागी झोपलो.
बेचाळीस वेळा एल्डन गाडी मागे घेत होता
आणि मी अंधारात टॉर्च हलवत:
डावीकडे, डावीकडे, अरे तुझी डावी,
थांब! थांब म्हटलं ना!
चौतीस वर्षांच्या संसारात
इतकं भांडलो नव्हतो.

प्लॉटवर त्याने पिवळी रेघ मारली.
आता तो आरशात ती रेघ बघतो
आणि एका दमात आत येतो.
मी नुसती उभी असते,
टॉर्च बंद, हात रिकामे.
खोटं कशाला बोलू,
थोडं चुकल्यासारखं होतं.

या वर्षी डेल्मर आला नाही.
नोव्हेंबर संपला, नाताळ झाला.
लासारोने विचारलं, तो कुठे थांबायचा?
आम्ही दोन दुपारी गाडी घेऊन फिरलो.
सगळीकडे टायरच्या खुणा,
सगळीकडे कुणीतरी रचलेले चुलीचे दगड,
त्यातली कुठलीही जागा त्याची असू शकली असती.
फोन लागत नाही.
त्याचं आडनाव काय, हे
आम्हा तिघांनाही आठवेना.

पहिल्या हिवाळ्यात एल्डनने जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणला.
त्या उजेडात विंचू हिरवे चमकतात,
जुन्या घड्याळाच्या काट्यांसारखे.
एक सापडला नळाजवळ, तिसऱ्या विटेखाली.
फावडं मीच आणून दिलं होतं.
पण त्याने वीट होती तशी परत ठेवली,
आणि मी काही विचारलं नाही.
दुसऱ्या वर्षी त्याच विटेखाली तोच,
किंवा त्याच्यासारखाच.
बिऱ्हाड त्याच्या पाठीवर नव्हतंच कधी,
त्या विटेखाली होतं.

यंदा पोचलो तेव्हा रात्र झालेली.
पाय धरून आलेले, वीज जोडायची बाकी,
मला लघवीला लागलेली,
आणि हा आधी टॉर्च घेऊन उतरला.
ऑपरेशन झालेला गुडघा खडीवर टेकवला,
दोन बोटांनी वीट उचलली.

"आहे," म्हणाला.

एवढंच. आईला फोन लागल्यावर म्हणायचा, तशा आवाजात.

ते पाकीट मी चमच्यांच्या खणात टाकलंय.
मधूनच काढून पुन्हा भागाकार करते.
उत्तर दरवेळी तेच येतं,
महाग.