चौथ्यानंतर

गिअरबॉक्स कॉन्टेसाचा.
छाणीच्या भंगारात गोणपाटाखाली सापडला,
आतलं तेल काळं, पण होतं.
जसुभाई पंचालांनी शाफ्ट दोन बोटांनी फिरवला,
कान लावला,
नि म्हणाले, "चालशे, बेन."
यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी
अख्ख्या मकरपुऱ्यात कुणाला दिलेलं नाही.

गाडी एमजी, सदुसष्ट सालची.
इंजिन अँबॅसिडरच्या भावकीतलं,
म्हणून अजून बडोद्यात तिचं अडत नाही.
गिअर मात्र चारच,
त्यातला पहिला असा मानी
की चाक पुरतं थांबल्याशिवाय आत घेत नसे.

मी सात वर्षांची, डाव्या सीटवर,
पाय खाली टेकत नसत.
भाऊ क्लच दाबत नि म्हणत, "दुसरा."
मी दोन्ही हातांनी दांडी ओढायची.
"तिसरा."
"चौथा."
हालोलच्या रस्त्यावर तेव्हा समोरून बैलगाड्या,
पावागड काचेत पोस्टाच्या तिकिटाएवढा.
"आता?" मी विचारायची.
"आता काही नाही. चौथ्यानंतर नुसतं बसायचं."

पण बसू द्यायचं नाही इंजिन.
चौथ्यात ते असं काही किंचाळायचं
की बोलायचं तर ओरडून.
भाऊ ओरडणाऱ्यातले नव्हते.
आम्ही गाडीत बोललो नाही,
मग सवयीनं घरातही.

चाळीस वर्षं पॉलिटेक्निकात मी मशीन ड्रॉइंग शिकवलं.
ही पट्टी मी काढली:
अठरा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम,
एका बाजूला एमजीची भोकं, दुसऱ्या बाजूला कॉन्टेसाची,
मध्ये दोघांचं केंद्र एकच यायला हवं,
केसभरही इकडे तिकडे नाही.
पहिली पट्टी चुकली. माझीच चूक, आठाचा तीन वाचला.
जसुभाई काही बोलले नाहीत,
ती पट्टी आता त्यांच्या दारात पायपुसण्याखाली आहे.
क्लच प्लेटचा दातेरी गाभा कॉन्टेसाचा,
भोवतीचं अंग एमजीचं,
रिव्हेट ठोकून सोयरीक.
प्रोपेलर शाफ्ट दोन इंच कापून, तोलून घेतला.

बोगद्याचा पत्रा कापायच्या दिवशी
भाऊ घडीचं स्टूल घेऊन हजर.
ब्याऐंशी वर्षांचे, पांढरा शर्ट, पाठ गाडीकडे.
"मूळ ते मूळ," एवढंच म्हणाले, भिंतीला.
ग्राइंडर सुरू झाल्यावर चहाला गेले
आणि अर्धा तास आलेच नाहीत.
जुना गिअरबॉक्स रिक्षात घालून घरी नेला त्यांनी.
पलंगाखाली आहे. फरशीवर तेलाचा डाग पडलाय.
मी पुसत नाही.

रविवारी सहाला निघालो.
या वेळी मी उजवीकडे, ते डावीकडे.
गोल्डन चोकडी मागे पडली,
मी क्लच दाबला नि दांडीवरचा हात काढून घेतला.
त्यांनी पाहिलं.
"दुसरा," मी म्हणाले.
हात आला. शिरा, डाग, पाटी नसलेलं घड्याळ सैल.
तिसरा. चौथा.
इंजिन जुन्यासारखं किंचाळू लागलं
आणि त्यांनी हात मांडीवर ठेवला,
झालं, अशा अर्थानं.

"पाचवा, भाऊ."

पाचवा उजवीकडे आणि वर,
म्हणजे त्यांच्यापासून लांब, माझ्या गुडघ्याकडे.
हात न्यूट्रलमध्ये चाचपडला,
तिथे आजवर नुसती हवा होती.
मी क्लच दाबूनच. गाडी वेग सोडत चाललेली.
मग त्यांनी तळव्याने ढकलला.

काही बसल्याचा आवाज नाही.
उलट एक आवाज कमी झाला.
वारा ऐकू आला, काचेची खिट्टी,
त्यांच्या नाकातला श्वास.
मैलांचा काटा खोटं दाखवत होता, आम्ही दोघांनी तो पाहिला.
जरोद येईपर्यंत कुणी बोललं नाही.

मग ते म्हणाले,
"मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून असेल," भाऊ म्हणाले,
हात अजून दांडीवरच,
"ऐकू कुठे येत होतं."