जोड

हल शहरात, हंबर नदीच्या मातकट मुखाशी,
आमच्या कारखान्यात माशाचं तेल कॅप्सूलमध्ये भरतात.
माझं काम ती फोडायचं.
पगारही त्याचाच मिळतो.

दर बॅचमधल्या वीस.
एकेक चिमट्यानं उचलायची,
धातूच्या इवल्याशा पाटावर ठेवायची,
जोड वर नाही, खाली नाही, कुशीला.
मग वरून दट्ट्या उतरतो,
सेकंदाला अर्धा मिलिमीटर,
जावई पंगतीत बसतो तशा सावकाशीनं.

पडद्यावर रेघ चढत जाते.
कॅप्सूल चपटी होते, रुंदावते,
ट्यूबलाइटचा उजेड पोटात गोळा करते
आणि एका आकड्याशी
फट्.
रेघ कोसळते. मी आकडा लिहिते. पाट पुसते.
हाताचा वास घरापर्यंत येतो.

फुटते ती नेहमी जोडावर.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
दोन पदर, मधे सारण, कडेला दुधाचं बोट:
कड कोरडी राहिली की करंजी
कढईत तोंड उघडते आणि अख्खं तूप नासवते,
आठव्या वर्षी पाहिलंय मी,
त्यापायी धपाटाही खाल्लाय.
इथे दुधाऐवजी ऊब.
जिलेटिनच्या दोन पट्ट्या, दोन फिरते रूळ,
आणि जेमतेम अंगाइतक्या तापात
त्या एकमेकींना कायमच्या चिकटतात.

डोरीन यंत्राच्या आधीपासूनची.
तेव्हा म्हणे ती कॅप्सूल कानाशी धरायची
आणि नुसती दाबायची. अंगठ्याला कळतं.
तिची आई हेसल रोडला ट्रॉलरची जाळी विणायची,
तिचाही अंगठा असाच होता, पसरट.
मला ती 'वायजा' म्हणते.
वैजयंती तिच्या तोंडात मावत नाही,
आणि मीही दुरुस्त करणं
अकरा वर्षांपूर्वीच सोडलं.

मंगळवारी चाळीस अंशांच्या कपाटातून
सहा महिने मुरलेली बॅच काढली.
दट्ट्या उतरला. रेघ चढली, चढली,
मर्यादा ओलांडून गेली, तरी कॅप्सूल गप्प.
वीसच्या वीस.
"बघ," मी म्हटलं, "दगड झाल्यात."
डोरीननं मान हलवली. सहा उचलल्या,
सदतीस अंशांच्या पाण्यात सोडल्या
आणि चहा करायला गेली.

अर्ध्या तासात उघडायला हव्या होत्या.
पाऊण झाला. चहा निवला.
काचेच्या नळ्यांत वरखाली, वरखाली,
सहाही तोंड मिटून,
तेल आतल्या आत.

"नापास," डोरीन म्हणाली.
"फार दिवस उकाड्यात ठेवल्या
की साल स्वतःलाच घट्ट धरून बसते.
बाटलीत टिकणं म्हणजे अर्धंच काम, वायजा."

मग जरा थांबून, पाण्याकडेच बघत:
"माझे वडील बोटीबरोबर गेले,
त्या दिवशीही आई जाळंच विणत होती.
कुणी विचारलं की म्हणायची, बरं आहे.
मरेपर्यंत बरंच होतं तिचं."
पुढे काही बोलली नाही.
कप विसळले, पालथे घातले.

आपल्यात म्हणतात,
मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये.
कडक लागलं तर कशानं खणायचं,
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

दोनला पाळी सुटली.
पार्किंगमध्ये वाऱ्यानं दार उघडेना
आणि तेवढ्यात फोन. मिरजेहून दादा.
"कशी आहेस गं?"
'मजेत' जिभेवर आलंच होतं, सवयीनं,
गुळगुळीत, चकचकीत, जोड न दिसणारं.

"थांब," म्हटलं, "आत बसू दे आधी."
दार लावलं. काचेवर वाफ धरली.
"दादा, वेळ आहे ना तुला?
अर्धा तास तरी?"