इलंस बाई

नाव तिचं इल्झे. लाटव्हिया नावाच्या देशातली.
मालवणहून दोन एसट्या बदलून आमच्या वाडीत उतरली,
आणि पहिल्याच दिवशी पोरांनी तिचं इलंस केलं.
सकाळी ती फाटकातून आत शिरली की
चौथीतल्या मुबीनपासून बालवाडीतल्या दुर्वापर्यंत
सगळी ओरडायची, "इलंस?"
तिला वाटायचं, हाक मारतायत.
"येस," म्हणायची.
उत्तर बरोबरच यायचं.

मी खिचडीवाली. शाळेच्या मागल्या पडवीत माझी चूल,
एकोणीस पोरांचे तांदूळ.
खिडकी वर्गातच उघडते,
म्हणून खडे निवडता निवडता
इंग्रजी माझ्या अंगावर पडत गेलं,
गिरणीत उभं राहिल्यावर पीठ पडतं तसं.

गावाला एकच प्रश्न, पगार किती?
काही नाही, म्हणाले हेडमास्तर. स्वखुशीनं.
मग विहिरीवर, तिठ्यावर, मासळीच्या लिलावात:
लग्न मोडलेलं असणार.
बापाशी भांडण.
कायतरी करून पळालेली.
"नायतर फुकट कोण शिकयता,
ता पण आमच्या पोरांक?"
ह्यावर मात्र कुणी हसलं नाही.

राहायची माझ्याकडे. रात्री वीज गेली की
काडेपेटी शोधताना स्वतःशी पुटपुटायची,
आणि ते इंग्रजी नसायचं.
तेव्हा कळलं, हिच्याही घरचं नव्हे ते.
हिलाही कुणीतरी शिकवलेलं, असंच,
खडूनं.

फिश शिकवायला तिनं फळ्यावर मासा काढला.
"कसलो मासो ह्यो? पेडवो काय सौंदाळो?"
"शेपटी बांगड्याची, तोंड शेंगटेचा,
असलो मासो नसता, बाई."
पाऊण तास गेला. फिश एकच राहिला,
तिच्या वहीत बावीस नावं गेली.
काटे काढणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.
कर्ली ताटात आली की अशी गप्प व्हायची
जशी परीक्षेलाच बसलीय.

दिवाळीनंतर वादळ आलं. तीन होड्या बाहेर.
शाळा चालू होती, कारण पोरांना घरात ठेवून
करायचं काय?
फळ्यावर वाक्य होतं, माय फादर इज,
आणि पुढे मोकळी जागा.
माय फादर इज टेलर.
माय फादर इज ड्रायव्हर, मुंबई.
मुबीन उठला.
"माय फादर इज सी."

तिनं ते लिहिलं. मग मधला एक लहानसा शब्द घालायला
खडू टेकवला फळ्याला.
टेकवलेलाच ठेवला.
थोडी भुकटी खाली पडली.
"गुड," म्हणाली, आणि फळा पुसलाच नाही,
दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला,
देवगड बंदरात आसऱ्याला आहेत, तिन्ही.
शनिवारी मुबीनचा बाप व्हरांड्यात उभा,
एका हाताला फडकं बांधलेलं,
दुसऱ्यात बाईंसाठी पिशवीतून दोन पापलेटं.
मग तिनं इज पुसलं. वॉज ॲट लिहिलं.
वॉज म्हणजे होता, जे होतं आणि संपलं ते,
समजावत राहिली. पोरं जांभया देत होती.

मी तांदूळ वैरत होते.
वॉज.
अकरा वर्षं झाली माझ्या माणसाच्या होडीला.
परत आला त्यालाही वॉज,
नाही आला त्यालाही वॉज.
विचारणार होते बाईंना,
दोघांना दोन वेगळे शब्द नाहीत का?
तेवढ्यात खिचडी बुडाला लागली.

मार्चमध्ये गेली. शाल, नारळ, सरपंचांचा फोटो.
माझ्या डब्यातलं कोकम घेतलं,
कर्ली नको म्हणाली, हात जोडून.
तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

दुपारी वाऱ्यानं फाटक वाजतं.
एखादं पोर वहीतून मानही वर न काढता
विचारतं, "इलंस?"
मी चुलीपाशी असते.
उत्तर मला येतं.
देत नाही.