एकच्या वर

विजेच्या बिलामागे उदेश लिहितो : एक.
आणि पेन थांबतं.

पडवीत आम्ही सतरा जण.
कोणी म्हणतं बॅटरी, कोणी तांदूळ,
फोनवरून ठाण्याचा धाकटा :
सातबारा आधी प्लास्टिकात घाला.

मागच्या वादळात आम्ही टीव्ही वाचवला होता,
गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा.
मग बावीस दिवस वीज नाही.
पंप मुका. विहिरीत पाणी,
आणि घरात दोर एकच, गायीच्या गळ्यातला.

"दोर लिही," सुगंधावहिनी म्हणाली. "पस्तीस हात."
मग तिचं इन्सुलिन. फ्रीज गेला की
ओल्या वाळूत, मडक्यात.
वाळू कोण भिजवणार?
तेही लिही. नाव घालून.

तांदूळ खाली सरकला.
पडलेले माड तोडायला कोयते, तेही वर आले.
सातबारा कडेला, उभ्या अक्षरांत.
धाकट्याने फोन ठेवला.

गणूतात्या खांबाला टेकून सुंभ वळतायत.
ऐकू येत नाही त्यांना, दहा वर्षं झाली.
केळशीच्या बंदरावर भोंगा वाजला, तर?

उदेश कागद फिरवतो,
एकच्या वर बोटभर जागा शोधतो,
बारीक लिहितो :
तात्यांना हलवून उठवणे. मी.