किती ब्रास

पित्त झालंय, म्हणायची यमनव्वा.
आम्हीही म्हणायचो, पित्त झालंय.
दिघ्यात पित्त सगळ्यांनाच होतं,
रात्रपाळीवाल्याला, नव्या सुनेला, चाळीच्या सेक्रेटरीला,
आणि औषधही ठरलेलं: नाक्यावरचा सोडा, चिमूटभर ओवा,
"उपाशी राहू नकोस गं."

पण तिचं पित्त भरल्या पोटी यायचं.
बारशाच्या पुऱ्या खाऊन आडवी झाली
की मध्यरात्री उजव्या बरगडीखाली
कुणी पहार घालून रेटत राहायचं.
ठोके नाहीत. नुसतं रेटणं.
ना कुशीवर जमे, ना पालथं.
कळ पाठीत जायची, उजव्या पात्याखाली,
जिथं तीस वर्षं खडीची पाटी घासली तिथंच;
मग तिला वाटायचं, जुनंच आहे, खदानीचं.

पहाटे चारला पहार निघायची.
सकाळी चहा, चपाती, जणू काहीच नाही.
त्या 'काहीच नाही'त दोन वर्षं गेली.

यंदा निघाली नाही.
हुडहुडी भरली. डोळ्यांत हळदीचं पाणी.
लघवी चहासारखी होते,
हे तिनं आठवडाभर कुणाला सांगितलंच नव्हतं,
सांगायचं काय त्यात.

ऐरोलीला शिरसाट डॉक्टरीणबाईंनी
बरगडीखाली चार बोटं रोवली,
म्हणाल्या, घ्या श्वास.
श्वास अर्ध्यावर अडला.
"बास. कळलं."

पडद्यावर काळी पिशवी, पेरूएवढी,
तिच्यात पांढरे ठिपके,
आणि प्रत्येकामागं सावली,
पारसिकच्या उतरणीवर दुपारी दगडामागं पडते तशी.
खडे आहेत, आजी.
"किती ब्रास?"
बाईंना ब्रास कळला नाही.
मला कळला. मी हसले नाही.

सलाईन, इंजेक्शनं. नळीत अडकलेला एक
तोंडातून दुर्बीण घालून आधी काढला.
मग पिशवीचं बोलणं निघालं.
खडे काढा, पिशवी का काढता?
कारण ठेवली तर ती परत खडे करील, आजी.
"म्हंजे खदानच बंद."
पारसिकची खदान बंद झाली तेव्हा
ही साहेबाच्या गाडीपुढं आडवी झोपली होती.
इथं तिनं मुकाट अंगठा दिला.

पोटावर चार छोटी भोकं,
आणि प्लास्टिकच्या डबीत नऊ खडे, मेणचट पिवळे.
तिनं एक उचलला, उजेडात धरला,
नखानं दाबला. भुगा.
"कच्चा माल," म्हणाली,
"ह्याला मी सुतकीसुद्धा उचलली नसती."
बराच वेळ बोटं पदराला पुसत राहिली.

आता नळावर कुणी पित्त म्हटलं
की हंडा खाली ठेवते यमनव्वा.
जेवल्यावर येतं का? उजवीकडं? पाठीत जातं?
ओला हात त्या बाईच्या बरगडीखाली घालते,
डॉक्टरीणबाईंसारखाच आवाज काढते,
घे श्वास.