पावाचा चौथा भाग

आमच्या वाल्पाराइसोचा पाव चार भागांचा असतो,
उभा-आडवा दाबलेला,
जन्मतानाच वाटणी ठरल्यासारखा.
एर्सीलिया अख्खे दोन खायची, उभ्या उभ्या,
बोटं भाजत,
आणि मला वाटायचं, संसार बरा चाललाय.

आता तिचं पोट केळ्याएवढं.
डॉक्टर इत्सुरिएतानं पेन्सिलीनं काढून दाखवलं होतं:
एवढं ठेवू, एवढं काढू.
मी शेजारी बसून सवयीनं मनात वजन करत होतो,
मळलेल्या पिठाचा गोळा कापताना करतो तसं.

पहिले पंधरा दिवस गाळलेलं सूप,
औषधाच्या पेल्यातून, घड्याळ लावून.
मग कुस्करलेला भोपळा. मग मासा, नखाएवढा.
चमचा नातवाचा,
निळ्या दांड्यावर अस्वल.
तो म्हणाला, हा माझा आहे.
ती म्हणाली, उसना दे, मोठी झाले की परत करते.

केस गळाले. न्हाणीच्या जाळीत अडकलेले
ती कागदात गुंडाळून टाकायची,
मी पाहू नये म्हणून.
मी पाहिलं नाही असं दाखवलं.
इतक्या वर्षांत माणूस तेवढं शिकतो.

सप्टेंबरच्या सणात दोरालिसा वहिनीनं
पीचच्या पाकातले गहू पुढे केले,
तीन चमचे गं, देशासाठी.
तीन चमचे.
मग छाती धडधडून, घामानं निथळत
ती बाथरूमच्या फरशीवर आडवी.
अंगणात गिटार, रुमाल, टाळ्या,
आणि मी दाराबाहेर बसून, आहेस ना? आहेस ना?
आहे, ती म्हणाली. कमी आहे, पण आहे.

अडतीस किलो गेले.
म्हणजे मैद्याचं एक पोतं, वर तेरा.
बाजारात बायका तिला थांबवतात, किती सुंदर दिसतेस!
घरी येऊन ती मला विचारते,
मग सत्तावीस वर्षं तू कुणाकडे बघत होतास?
तुझ्याकडेच, असं सांगायचं राहून गेलं,
आणि आता सांगितलं तर खोटं वाटेल.
दंडाखालचं लोंबतं कातडं हलवून ती हसते,
भाडेकरू गेला, पडदे राहिले.

खरं सांगू? मला राग आला होता.
रात्री तीनला उठून मी काय करतो?
पीठ, मीठ, पाणी, आणि तिच्या नावाचे दोन बाजूला.
दुसरं मला काही येत नाही.
ज्या हाताला फक्त वाढणं माहीत
त्यानं बशीतल्या तीन घासांशी काय बोलायचं?

यंदा जुलैत समुद्रावरून धुकं चढलं.
पूर्वी तिला बारा महिने उकडायचं,
खिडकी सताड, मी गोधडीत गारठलेला.
आता दोन स्वेटरांतही तिचे दात वाजतात.
एका पहाटे साडेचारला बेकरीच्या दारावर टकटक.
घरापासून एकशे बासष्ट पायऱ्या, सगळ्या चढाच्या.
केबलगाडी इतक्या लवकर सुरू होत नाही.
चढून आली होती, आणि धाप नव्हती.
हे तिच्याआधी माझ्या लक्षात आलं.

भूक लागली? मी विचारलं. सवय.
थंडी, ती म्हणाली,
आणि पोत्यावर बसून तिनं भट्टीला पाठ दिली.

मी भट्टीचं दार उघडंच ठेवलं.
त्या घाण्यातले नऊ पाव बिघडले.
बिघडू दिले.

उजाडताना तिनं एक पाव मोडला,
तीन भाग माझ्यापुढे सरकवले,
चौथा घेऊन बसली,
चावत, थांबत, पुन्हा चावत.
पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा
अर्धा अजून हातात होता.
तो तिनं रुमालात बांधला.
दुपारला होईल, म्हणाली.