पिवळी, लाल आणि दोन काळ्या

लॅमिंग्टन रोडला, दुकानाच्या पोटमाळ्यावर,
जिथं ताठ उभं राहिलं की पंखा केसांत येतो,
तिथं मी पहिल्यांदा उलटी तार जोडली.

फट्.
एवढंच. फुटाणा फुटावा तसं.
आणि मग तो वास,
जो एकदा नाकात बसला
की चार दिवस चहालाही येतो.

ड्राइव्ह गिरगावच्या विजयकर प्रेसची.
आत एकोणीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’सकट.

मुकादमचाचा ओरडले नाहीत.
कपाळावरचा चष्मा फक्त खाली घेतला.
‘पिवळी कशाला असते?’
बारा व्होल्ट, म्हटलं.
‘किती ते नाही विचारलं. कशाला?’

डिप्लोमात आकडे होते. कशाला, हे नव्हतं.

‘पिवळी हमालाची.
आत तबकडी आहे, मिनिटाला सात हजार दोनशे फेरे.
तिला जागची हलवायला जोर लागतो.
तो जोर पाचावर मागितलास
तर करंट इतका ओढेल की तार तापेल,
मग घाल जाडजूड, माझ्या करंगळीएवढी. परवडेल?
लाल कारकुनाची.
तो बसल्या जागी लिहितो, वाचतो.
त्याला बारा पाजलेस
म्हणून दुप्पट काम नाही करत.
जळतो.’

आणि नारिंगी? तीन पूर्णांक तीनवाली?
चाचा हसले.
‘ती रोज वेळेवर येते, सही करते.
बहुतेक ड्राइव्ह तिला कामच सांगत नाहीत.’

काळ्या दोन का, ते मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं, बोर्ड भिंगाखाली सरकवताना:
‘गेलेल्याला परत यायला वाट नको?’

मग चिमट्यानं
तिळाएवढा एक काळा तुकडा उचकटला.
‘हा दरवान. जास्त आलं की दारातच आडवा पडतो.
स्वतः मेला, कारकून वाचला असेल.
असेल. लाव बघू.’

लाल लालजागी. पिवळी पिवळीजागी.
तीनदा तपासलं मी, बोट ठेवून, पोरीसारखं.

तबकडी आधी कुरकुरली,
मग तो बारीक, वर वर चढत जाणारा सूर,
आणि पडद्यावर पहिली पत्रिका:
कागद पिवळा, अक्षरं लाल,
मुहूर्त दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचा.
चाचांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं,
आणि खाली चहा सांगायला गेले.

बिलावर मी लिहिलं: सफाई व तपासणी.
दरवानाचा उल्लेख नाही.
तो माझ्या सोल्डरच्या डबीवर आहे,
झाकणाला चिकटपट्टीखाली.